डांबिस

वर्सोव्याच्या जेटीवर उभं राहिलं की समोरचं मढ इतकं जवळ दिसतं, की जोरात हाक मारली तर पलीकडून कुणी ओ देईल. रस्त्याने जायचं तर मालाड-मार्वे करत वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो आणि रहदारीच्या मनात येईल तेवढा वेळ लागतो. फेरीने मात्र पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत स्कूटरी, सायकली, रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणी आणि शूटिंगला निघालेली चार माणसं एकाच फळीवर उभी असतात आणि सगळ्यांच्या अंगावर सारखंच पाणी उडतं.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका नागपूरच्या सहकाऱ्यांना सुके बोंबील दाखवायला मी मढला नेलं. नुसते दाखवायलाच. नागपूरच्या माणसाने पहिल्याच दिवशी सुका बोंबील खाऊ नये. आधी लांबून वास घ्यावा, घरी जावं, विचार करावा. आम्ही फेरीतून उतरून कोळीवाड्यात शिरतोय तोच वलांडीखालून, म्हणजे बोंबील वाळत घालतात त्या बांबूंच्या मांडवाखालून, खणखणीत आवाज आला.

"आयलास रं डांबिसा! इतके दिस कुठं मेला व्हतास?"

सहकारी जागच्या जागी थबकले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अरे बाप्पा, ती बाई तुम्हाला शिवी देऊन राहिली ना!"

"छे, शिवी नाहीये ती."

"मग काय आहे?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. पंचेचाळीस वर्षं ती मला याच नावाने हाक मारते आहे आणि मी ओ देतो आहे. आपल्या नावाचा अर्थ कोण विचारतो? सुरेशला कुणी विचारलंय, तू नक्की कुठल्या देवांचा राजा म्हणून?

हे नाव मला मिळालं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. वलांडीखालून हाक मारणारी ही मावशी तेव्हा अंधेरीला आमच्या बिल्डिंगमध्ये मासळीची पाटी घेऊन यायची. जिन्यात पाटी उतरवून ती आईशी भावावरून भांडत होती. मी मागच्या मागे एक ओला बोंबील शेपटीला धरून उचलला आणि तळमजल्यावरच्या मांजरीला दिला. दुसऱ्याला निघालो तेव्हा मनगट पकडलं गेलं. "डांबिस हाय गो तुजा पोर!" मावशी आईला म्हणाली, आणि आई चक्क हसली. तीच बाई "चोर हाय" म्हणाली असती तर आईने मला तिथेच, पाटीशेजारी, बोंबलासारखा उलटा टांगला असता. केलेली गोष्ट एकच, पुरावाही एकच, शेपटीला धरलेला. एका शब्दाने फटके बसले असते, दुसऱ्याने माझं कौतुक झालं. (बोंबलाचे पैसे मावशीने पुढच्या हिशेबात लावले, ते वेगळं.)

सहकाऱ्यांना उत्तर देता आलं नाही याची रुखरुख लागली म्हणून घरी येऊन मोल्सवर्थ काढला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. मराठी माणूस नवरा-बायकोच्या भांडणात नसेल मानत, पण शब्दांच्या भांडणात या साहेबाचा शब्द अजून मानतो. तर साहेब म्हणतात, 'डामीस' हा मूळचा आमचा नव्हेच. गोरे लोक उठता-बसता 'डॅम माय आईज' म्हणायचे, म्हणजे 'माझे डोळे फुटोत', त्याचा हा आपल्या लोकांनी केलेला चेंदामेंदा. दुसरी एक दंतकथा 'डॅम्ड बीस्ट'पासून 'डांबिस' काढते. ती ऐकायला सोपी आहे, म्हणूनच मला तिचा जरा संशय येतो. शब्दांची खरी कुळकथा इतकी इस्त्री केलेली सहसा नसते.

मोल्सवर्थ स्वतः कंपनीच्या लष्करातला कॅप्टन. म्हणजे ही शिवी त्याने कोशासाठी पंडितांना विचारून लिहून घेतली नसणार. छावणीत रोज सकाळी ऐकली असणार, कदाचित दिलीही असेल. शेजारी उभा असलेला आपला माणूस, घोड्याला पाणी पाजणारा किंवा ओझं वाहणारा, त्याला इंग्रजी कळत नव्हतं. त्याला एवढंच दिसायचं, की हा लालबुंद साहेब तोंडाने 'डॅम-आईज, डॅम-आईज' करत येतो आणि आला की काहीतरी वाईट घडतं. त्याने काढलेला निष्कर्ष व्याकरणात बसत नसेल, पण चुकीचा म्हणवत नाही: असं ओरडणाऱ्या जातीच्या प्राण्याला डामीस म्हणतात. फ्रेंचांनीही हेच केलं होतं म्हणतात. पंधराव्या शतकात, जोन ऑफ आर्कच्या काळात, ते इंग्रज शिपायांना त्यांच्याच 'गॉडॅम'वरून ओळखत. चारशे वर्षांच्या आणि हजारो मैलांच्या अंतराने दोन देशांना इंग्रजांचा एकच शब्द नीट ऐकू आला, यावरून ते तो किती स्पष्ट उच्चारत असतील याची कल्पना येते.

मढच्या टोकाला जुना किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधला, १७३९ साली मराठ्यांनी घेतला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रज साष्टीत घुसले त्या धामधुमीत तोही त्यांच्याकडे गेला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे बाहेरूनच बघायचा. बाहेरून बघताना मला नेहमी वाटतं, या बुरुजावर उन्हात उभ्या केलेल्या पहिल्या गोऱ्या शिपायाने खाली वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आल्यावर काय म्हटलं असेल? मला तरी शंका नाही. आणि खाली जाळं विणत बसलेल्या कुणीतरी ते ऐकून ठेवलं असेल. याला पुरावा काही नाही. किल्ल्यांच्या बाबतीत पुराव्याशिवाय बोलायची आपल्याकडे पद्धतच आहे.

व्यवहार म्हणून पाहिलं तर सौदा वाईट झाला नाही. इंग्रजांनी इथून 'ठग' आणि 'लूट' नेले. दोन्ही आज त्यांच्या कोशात अस्सल इंग्रज असल्यासारखे बसलेत. बदल्यात आम्हाला 'डांबिस' आला. कोणी काय नेलं आणि कोणी काय ठेवलं, यावरून कोण कोणत्या कामासाठी आला होता तेही कळतं.

बाकी या खात्यात आपल्याकडे स्वदेशी माल तसा कमीच. बदमाश फारसी-अरबी, अर्थ सरळ: ज्याचा 'मआश', म्हणजे पोटापाण्याचा धंदा, वाईट आहे तो. पाजी, नालायक, हरामखोर, सगळे तिकडूनच आलेले. 'इरसाल'ची कथा तर ऐकण्यासारखी आहे. अरबीत इर्साल म्हणजे पाठवणं. मराठेशाहीच्या दप्तरात गावचा वसूल हुजुरात रवाना झाला की तो इरसाल. म्हणजे सरकारी खजिन्यात जमा व्हायच्या लायकीचा तो इरसाल, आणि मग त्याच न्यायाने गावातला निवडक माणूसही. सरकारी खजिन्याचा आणि निवडक लबाडांचा संबंध भाषेने इतक्या लवकर ओळखला होता, हे वाचून मी कोश मिटून थोडा वेळ पंख्याकडे बघत बसलो.

'भामटा' मात्र मी वापरायचा सोडला आहे. एकदा ऑफिसात सहज म्हणून गेलो, "काय भामटा माणूस आहे!" तेव्हा एक तरुण सहकारी शांतपणे म्हणाला, "सर, ते आमच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं." भामटा हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतलं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, शब्द आमच्या तोंडात राहिला. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिलं आणि ज्यांनी तो शब्द हसत वापरला होता त्यांना तो पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर वाचावा लागला. त्या दिवसापासून मी शिवी देण्याआधी तिचा दाखला तपासतो. 'डांबिस' त्यात उत्तम गुणांनी पास झाला. या शब्दाने भावना दुखावल्याच तर त्या दोनशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या शिपायांच्या दुखावतील, आणि ते काय म्हणतील हे आपल्याला आधीच माहीत आहे.

मुंबईने या बाबतीत आणखी एक गंमत केली आहे. तिने घरातली आदराची माणसं उचलून गल्लीच्या नाक्यावर उभी केली. दादा म्हणजे थोरला भाऊ, भाई म्हणजेही भाऊ, अण्णा म्हणजे वडीलधारा, वस्ताद म्हणजे गुरू. या शहरात यातल्या कुणी "जरा भेटून जा" असा निरोप पाठवला तर घाम फुटतो. 'चालू'चंही तसंच. नळ चालू असला तर आनंद, दुकान चालू असलं तर आनंद, पण जावई चालू निघाला तर रडारड. 'बारा गावचं पाणी प्यालेला' म्हणजे पोचलेला माणूस, असं मी मावशीला एकदा म्हणालो, तर म्हणाली, इथं एका गावचं पाणी धड चढत नाय, आमी कशाचे पोचतो!

डांबिसपणाचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण कोळीवाड्यात तासभर बसलं तर पाठ होतात. मावशीच्या तोंडून एकाच सकाळी मी हा शब्द कुणाकुणाला लागलेला ऐकला: नातवाला, त्याने मोबाईल परकराखाली लपवला म्हणून. वलांडीवर चढणाऱ्या मांजरीला. दोरी ओढूनही सुरू न होणाऱ्या होडीच्या इंजिनाला. समुद्राला, कारण भरती सांगितल्या वेळेच्या आधी आली. आणि चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याला, तो तिला न सांगता हरबादेवीच्या जत्रेतून बांगड्या आणायचा आणि बोटीच्या हिशेबात डिझेल लिहायचा म्हणून. हे सांगताना ती हातातला बोंबील वाळलाय का ते दाबून बघत होती आणि तिचा आवाज जराही बदलला नाही. स्त्रीलिंगी रूप या शब्दाला नाही. मांजरही डांबिस, सूनही डांबिस. मवाली, गुंड, लफंगा ही पुरुषांनी जवळजवळ आरक्षित करून ठेवलेली पदं, इथे मात्र सगळ्यांना प्रवेश खुला.

इंग्रज, अरब, कोशकार कुणीच सांगत नाही असा एक नियम मात्र मला पैसे मोजून शिकावा लागला.

मढ म्हणजे शूटिंगचे बंगले. सकाळी जिथे खलनायकाचा अड्डा असतो तिथेच दुपारी सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या असतात; मधल्या वेळात फक्त पडदे बदलतात. गावातली पोरं इतकी सरावलेली, की गालावर वार असलेला, हातात पिस्तूल घेतलेला माणूस पळत आला तरी बाजूला होऊन म्हणतात, "काका, जेवणाची गाडी तिकडं लागलीय." गेल्या वर्षी भाच्याच्या वाढदिवसासाठी आम्ही यातलाच एक बंगला मोबाईलवरून ठरवला. फोटो सुंदर, बोलणारा माणूस नम्र, भाव वाजवी. आठ हजार आगाऊ पाठवले. संध्याकाळी केक, फुगे, आजी आणि अकरा मुलं घेऊन फाटकाशी पोचलो.

वॉचमनने आमच्याकडे पाहिलं, फुग्यांकडे पाहिलं आणि न उठता म्हणाला, "आज तुम्ही तिसरे."

आत मालिकेचं शूटिंग चाललं होतं. बंगला कधी भाड्याने दिलाच नव्हता. फोटो कुणीतरी कुठूनतरी उचलले होते आणि नम्र माणसाचा फोन आता लागत नव्हता. आजी फुटपाथवर बसली. मुलांनी रडायचं की नाही हे एकमेकांकडे बघून ठरवायला सुरुवात केली. तेवढ्यात आतून चहाचा कप घेऊन एक माणूस बाहेर आला. टक्कल, काळा शर्ट, कपाळापासून हनुवटीपर्यंत शिवलेली जखम. झालेला प्रकार ऐकून तो असा खवळला, की त्याची जखम एका बाजूने सुटली. "लहान मुलांच्या वाढदिवसाला फसवतात? काय माणसं असतात हो!" तो आत गेला, कुणाशी तरी बोलला आणि पुढच्या पंधरा मिनिटांत आमचा केक खलनायकाच्या लाल मखमली सोफ्यासमोर कापला गेला. टाळ्या वाजवायला सहा गुंड होते. त्यांतल्या एकाने सुरी पुसून दिली. भाच्याला पिस्तूल हातात मिळालं आणि अपहरण झालेल्या नायिकेने, दोऱ्या न सोडता, दोन तुकडे खाल्ले. आजीने निघताना त्या जखमवाल्याच्या गालावर हात ठेवून सांगितलं, "हळद लाव रे बाबा, चिघळेल."

दुसऱ्या दिवशी तक्रार नोंदवली. खलनायकाला किती शब्द आहेत याचा एवढा अभ्यास असलेला मी उत्सुकतेने बघत होतो, की सरकार या माणसाला काय म्हणतं. सरकार म्हणालं, 'अज्ञात इसम'. 'सदर अज्ञात इसमाने फिर्यादीचा विश्वास संपादन करून...' मला एकदम बरं वाटलं. मी फिर्यादी झालो होतो, आणि माझा विश्वासही 'संपादन' होण्याइतका मौल्यवान होता. कलमाकडे बघून मात्र चुटपुट लागली. १८६० च्या दंडसंहितेतलं ४२० गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं तेच कलम आता ३१८, पोटकलम ४ झालं. राज कपूरने १९५५ साली ज्या आकड्यापुढे 'श्री' लावला, तो आकडा आता काहीच करत नाही. भांडणात कुणाला "अरे तीनशे अठरा पोटकलम चार!" असं म्हणून बघा. तोवर समोरचा पळून गेलेला असेल. कोशातल्या शब्दाचं तरी काय, २०२० साली एका खासदारांच्या तोंडच्या 'हरामखोर' या शब्दाचा अर्थ काय, याची चर्चा थेट मुंबई उच्च न्यायालयात झाली. खासदारांनी आधीच 'नॉटी' असा अर्थ सांगितला होता. न्यायालयानेही आपल्याकडे कोश असल्याची आठवण करून दिली.

हे सगळं मी मावशीला सांगायला गेलो. म्हटलं, "एका डांबिसाने आठ हजारांना गंडवलं गं."

ती बोंबील उलटवत होती. हात थांबला.

"त्यो कनचा डांबिस? डांबिस आपला असतो. त्यो चोर हाय, मुडदा बशिवला त्याचा." 'डांबिस आपला असतो', तीनच शब्दांत तिने माझा नियम पक्का करून दिला होता. मग जरा थांबून, "पोलीस काय म्हनतात त्याला?"

"इसम. अज्ञात इसम."

"इसम," तिने शब्द तोंडात घोळवून बघितला, मासळीचा ताजेपणा बघतात तसा. "बरा हाय."

नागपूरच्या सहकाऱ्यांना ही सगळी माहिती मी यथासांग दिली: मोल्सवर्थ, गोरे शिपाई, इरसाल, नियम. ते हुशार आहेत, भराभर टिपून घेत होते. बोंबलावरही त्यांचा महिनाभर विचार झाला होता आणि आता ते खायला तयार होते. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा फेरीने गेलो. मावशी वलांडीखालीच होती. तिने मला नेहमीची हाक मारली, मी ओ दिली. माझ्या मागून सहकारी पुढे झाले, हात जोडले आणि अतिशय प्रेमाने, मोठ्या आवाजात म्हणाले,

"काय डांबिस मावशी, कशी आहेस?"

आसपासच्या चार वलांड्यांखालचे हात थांबले. मांजरही थांबली. मावशीने त्यांना पायांपासून वर डोक्यापर्यंत बघितलं, मग माझ्याकडे वळली.

"ह्यो कोन इसम आनलास रं?"

त्या दिवशी बोंबील शेकड्यामागे शंभर रुपयांनी महाग पडले. माझेसुद्धा.